डावं पान आकड्याचं, उजवं पान निर्णयाचं

१२ नोव्हेंबर २०२५ची संध्याकाळ. टीव्हीवर पट्टी सरकत होती: ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के, या मालिकेतला नीचांक. शेजारच्या वहिनी नुकत्याच गुहागरच्या बाजारातून नारळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी पट्टी वाचली, पिशवी ओटीवर टेकवली आणि विचारलं, "भाऊजी, हा आकडा कुठल्या देशाचा?" डोंबिवलीहून आलेल्या पुतण्याने लगेच निकाल लावला, "काकू, सरकारी आकडे म्हणजे सगळा बनाव असतो."

आकडा खरा होता आणि नारळही खरोखरच महाग होता. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर थोडी हापूसची कलमं आणि ही एक वही, एवढंच हातात आहे. त्या वहीची पद्धत इथे सांगतो.

दोनशे पानी साधी वही घ्या. उघडल्यावर डावं पान आकड्यांचं, उजवं पान सरकारी निर्णयांचं. दोन्हीकडे तारीख घालायचीच. उजव्या पानाच्या माथ्यावर लाल शाईने येत्या निवडणुकांच्या तारखा लिहा. लोकसभा, विधानसभा, आणि शेजारच्या राज्यांच्यासुद्धा. माझा अनुभव असा, की राजकारण शोधायला लोक डाव्या पानावर जातात आणि ते सापडतं बहुतेक वेळा उजव्या पानावर.

आधी तारखा पाठ करा

किरकोळ महागाईचा आकडा (सीपीआय) सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेला दुपारी चारला देतं. घाऊक महागाई १४च्या सुमाराला. बेरोजगारीचा मासिक आकडा महिन्याच्या मध्यावर. तो २०२५च्या मे महिन्यापासून सुरू झाला. औद्योगिक उत्पादन २८ला. जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, तीन महिन्यांतून एकदा, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दोन महिन्यांनी, सकाळी दहाला. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला.

एवढ्यावर लक्ष ठेवलं तरी पुरे. घाऊक महागाई आणि औद्योगिक उत्पादन मी नुसतं टिपून ठेवतो, त्यावर डोकं घालवत नाही.

तारखा ठरलेल्या असण्याचा एक मोठा फायदा आहे. ठरल्या दिवशी आकडा आला नाही, तर ती गैरहजेरीसुद्धा नोंद असते. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

बातमी वाचून आकडा लिहू नका. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मूळ प्रसिद्धिपत्रक मिळतं. त्यातला पहिला तक्ता आणि तळटीप बघा. तळटिपेत 'तात्पुरता' असं असेल, तर वहीत पेन्सिलीने लिहा.

महागाईचा आकडा उलगडायचा कसा

इथे थोडं रेंगाळू, कारण भांडणं सगळ्यात जास्त याच आकड्यावरून होतात.

आंब्याची पेटी घ्या. समजा पहिल्या वर्षी पेटी २,००० रुपयांना गेली, दुसऱ्या वर्षी ३,००० आणि तिसऱ्या वर्षीही ३,०००. दुसऱ्या वर्षी आंब्याची महागाई ५० टक्के, तिसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी मंत्री म्हणतील, महागाई आटोक्यात आली. गिऱ्हाईक म्हणेल, पेटी अजून तीन हजारालाच आहे. दोघंही खरं बोलतात. महागाई म्हणजे भाव चढण्याचा वेग. वेग मंदावला म्हणजे भाव उतरला असं होत नाही.

आता ते ०.२५ टक्के. वहीचं डावं पान एक वर्ष मागे उलटा. ऑक्टोबर २०२४ची महागाई ६.२१ टक्के होती आणि अन्नधान्य-भाजीपाल्याची तर १०.८७. तुलना त्या चढलेल्या भावाशी होत होती, म्हणून वेग शून्याजवळ दिसला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर उतरले होते. माझी रीत अशी: अशा वेळी दोन वर्षांचे आकडे एकत्र घ्यायचे. ६.२१ आणि ०.२५ मिळून दोन वर्षांत साधारण साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला सव्वातीनच्या आसपास. हा आकडा वहिनींनाही पटला.

पण नारळ? त्यासाठी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, राज्यवार तक्ता. देशाची महागाई शून्याला टेकली असताना त्याच महिन्यात केरळची ८ टक्क्यांच्या वर होती, आणि त्यात खोबरेल तेलाचा वाटा मोठा होता. कोकणातलं जेवण पंजाबपेक्षा केरळाला जवळचं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराची महागाई देशाच्या सरासरीत दिसणार नाही, हे ओघानेच आलं.

दुसरी गोष्ट भारांक. निर्देशांकात कुठल्या वस्तूचा वाटा किती, हे ठरलेलं असतं. २०१२ हे पायाभूत वर्ष (ज्या वर्षाशी तुलना होते ते) धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा खेड्यांसाठी ५४ टक्के आणि शहरांसाठी ३६ टक्के होता. तो बेतला होता २०११-१२च्या खर्च सर्वेक्षणावर. २०२२-२३च्या सर्वेक्षणात खेड्यातला हाच वाटा ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे लोकांचा खर्च दवाखाना, मोबाइल, गाडीचं पेट्रोल यांच्याकडे सरकला होता आणि निर्देशांक जुन्याच ताटावर मोजत होता. भाजी कोसळली की तो गरजेपेक्षा जास्त खाली यायचा, भाजी चढली की जास्त वर. आता २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका आली आहे. वहीत तिथे आडवी रेघ मारा आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांची थेट तुलना टाळा.

मग स्वतःचं ताट मोजा. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला दहा वस्तूंचे भाव डाव्या पानाच्या कोपऱ्यात लिहायचे. माझ्या यादीत सुरय तांदूळ, नारळ, कांदा, बांगडा, गोडं तेल, सिलिंडर, डिझेल, एसटीचं चिपळूणचं तिकीट, रक्तदाबाची गोळी आणि गड्याची मजुरी आहे. तुम्ही तुमची करा, पण एकदा केलेली यादी बदलू नका. सौभाग्यवतींचं म्हणणं बांगड्याऐवजी सुरमई लिहावी. पण सुरमई आमच्याकडे सणाला येते आणि ज्या महिन्यात घेतलीच नाही त्या महिन्याचा भाव मी कुठून आणू?

उजवं पान: भावाला हात कोण लावतं

पेट्रोल-डिझेलपासून सुरुवात करा. १६ जून २०१७पासून देशभर भाव रोज बदलण्याची पद्धत आली. कागदावर तो बाजार ठरवतो. माझ्या उजव्या पानावर मात्र हे आहे:

३ नोव्हेंबर २०२१: पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ५ रुपयांनी, डिझेलवरचं १० रुपयांनी कमी. पोटनिवडणुकांचे निकाल आदल्या दिवशीच लागले होते. त्यानंतर साडेचार महिने भाव जागचा हलला नाही. या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, आणि फेब्रुवारीअखेर युक्रेनचं युद्ध सुरू होऊन कच्चं तेल शंभर डॉलरच्या पार गेलं. निकाल १० मार्च २०२२ला. भाववाढ सुरू झाली २२ मार्चला, आणि मग बहुतेक रोज ८० पैसे.

८ मार्च २०२४: सिलिंडर १०० रुपयांनी स्वस्त. १५ मार्च २०२४: पेट्रोल-डिझेल २ रुपयांनी स्वस्त. १६ मार्च: लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर.

अशी पानं भरली की एक मोह होतो, प्रत्येक गोष्टीत निवडणूकच दिसायला लागते. म्हणून एक नियम मी घालून घेतला आहे. प्रत्येक निर्णयापुढे 'दुसरं कारण' असा रकाना ठेवायचा. २०२१च्या नोव्हेंबरातली कपात दिवाळीच्या तोंडावर होती आणि भाव आधीच शंभरीपलीकडे गेले होते. नुसत्या पोटनिवडणुकीवर बोट ठेवणं घाईचं होईल. युद्ध पेटूनही भाव गोठून राहिला, याला मात्र मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

कोकणात डिझेल म्हणजे मासळी. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा लिलाव बघितला असेल, तर बोलीच्या आकड्यात डिझेल किती आहे हे नौकेचा तांडेल (प्रमुख) तुम्हाला सांगेल. सोसायटीमार्फत मिळणाऱ्या डिझेल परताव्याची रक्कम खात्यावर कधी जमा होते, ती तारीखही नौकावाल्यांनी उजव्या पानावर लिहावी. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून जूनच्या मासळीच्या भावाची तुलना मेशी करायची नाही. जूनची जूनशीच.

आता कांदा. १९९८च्या दिल्ली विधानसभेपासून कांद्याने सरकार पाडल्याची गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धीच गोष्ट आहे, कारण ती कांदा विकत घेणाऱ्यांची आहे. पिकवणाऱ्यांची गोष्ट २०२४मध्ये घडली. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ला थेट निर्यातबंदी. शहरातला भाव आवरला आणि नाशिकच्या शेतकऱ्याचा पडला. बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही ४० टक्के शुल्क पुन्हा लावून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या.

त्याच निवडणुकीत ७ मेला आमच्याकडे मतदान झालं. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही जागा त्याच आघाडीने जिंकल्या. कारणं पक्षांच्या फाटाफुटीची, उमेदवारांची, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची. पण एक साधी गोष्ट विसरू नये. कोकण कांदा पिकवत नाही, विकत घेतो. (अलिबागचा पांढरा कांदा सोडून. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे लोक हे वाक्य वाचून मला फोन करतील.) म्हणून कुठल्याही वस्तूच्या भावापुढे दोन प्रश्न लिहा: हा कुणाचा खर्च आणि कुणाची कमाई? दोन्ही बाजूंचे मतदार कुठल्या मतदारसंघात किती?

दिल्लीत हे गणित करणारे लोक आहेत, याचा पुरावा १३ सप्टेंबर २०२४चा. त्या दिवशी कांद्याचं निर्यात शुल्क ४०वरून २० टक्के झालं, किमान निर्यात मूल्य (याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही ही अट) रद्द झालं आणि खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं. कांद्याच्या निर्णयांनी कांदा उत्पादक खूश, तेलाच्या निर्णयाने सोयाबीनवाला. महिन्याभराने महाराष्ट्राच्या विधानसभेची आचारसंहिता लागली.

मतदानाच्या आठ दिवस आधी, १२ नोव्हेंबर २०२४ला, तोच ६.२१ टक्क्यांचा आकडा आला. जुन्या हिशेबाने सत्ताधाऱ्यांना फटका बसायला हवा होता. झालं उलटंच: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येत होते. बाजारात पिशवीमागे शंभर-दोनशे जास्त जात होते, पण खात्यात आलेली रक्कम नाव-गाव घेऊन आलेली होती. तेव्हापासून मी उजव्या पानावर थेट खात्यात जाणाऱ्या पैशांचा वेगळा रकाना केला. महागाईवरून मतांचा अंदाज बांधायचा आणि हा रकाना कोरा ठेवायचा, म्हणजे जमेची बाजू न लिहिता शिल्लक काढण्यासारखं आहे.

जीडीपी: भारून जाऊ नका

२००४च्या सुरुवातीला ऑक्टोबर ते डिसेंबर २००३ या तिमाहीची वाढ १० टक्क्यांवर गेल्याची बातमी आली. 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती होत्याच. मी पतसंस्थेत पैज लावली की वाजपेयी सरकार परत येणार. सहा कप चहा हरलो. २००२ला देशात मोठा दुष्काळ होता, शेती आपटली होती. २००३च्या पावसाने ती उठली आणि आकडा उंच दिसला. पेटीचंच गणित, फक्त उलट्या बाजूने. आणि गंमत अशी, की सरकार गेलं तरी रत्नागिरी आणि राजापूर या आमच्या दोन्ही जागा शिवसेनेकडे, म्हणजे हरलेल्या आघाडीकडेच राहिल्या. देशाचा आकडा, देशाचा निकाल आणि गावाचा निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चहाने शिकवलं.

जीडीपीचा आकडा पुढे अनेकदा दुरुस्त होतो, म्हणून तो कायम पेन्सिलीने. जानेवारी २०१५मध्ये २०११-१२ हे पायाभूत वर्ष आलं आणि २०१३-१४ची वाढ ४.७ टक्क्यांवरून ६.९ टक्के झाली. ते वर्ष मनमोहन सिंग सरकारचं आणि आकडा वाढला मोदी सरकारच्या काळात. मग नोव्हेंबर २०१८मध्ये नव्या पद्धतीने मोजलेली मागील वर्षांची मालिका आली, तिच्यात मनमोहन सिंग सरकारच्या काळातली वाढ कमी झाली. ती जाहीर करताना सरकारला धोरणं सुचवणाऱ्या नीती आयोगाचे उपाध्यक्षही मंचावर होते. पहिल्या दुरुस्तीत राजकारण शोधणारा फसेल, दुसरीत न शोधणारा भोळा ठरेल. बघायचं एवढंच: पद्धत लेखी दिली आहे का, आणि जाहीर करायला सांख्यिकीवाल्यांच्या सोबत कोण बसलं आहे.

रोजगार आणि न आलेला आकडा

मघाशी गैरहजेरीचं बोललो ते हे. २०१७-१८चा श्रमबल सर्वेक्षणाचा अहवाल तयार होता, पण बाहेर येईना. जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. आकडा वर्तमानपत्रातून फुटला: बेरोजगारी ६.१ टक्के. सरकारने तो अधिकृतपणे दिला ३१ मे २०१९ला, नव्या मंत्रिमंडळाच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी. उजव्या पानावर कधीकधी 'आज काहीच आलं नाही' असं लिहावं लागतं, ते असं.

ज्या नमुना पाहणीच्या परंपरेतून हे सर्वेक्षण आलं, ती १९५०ला सुरू झाली. त्याच वर्षी अर्थमंत्री झाले ते सी. डी. देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ला त्यांनी मंत्रिपद सोडलं. आमच्या भागातल्या माणसाबद्दलचा हा जिव्हाळा वाचकांनी चालवून घ्यावा.

बेरोजगारीचा आकडा वाचताना आधी व्याख्या बघा. मासिक आकडा 'चालू आठवड्या'च्या हिशेबाने असतो: आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या बागेत बिनपगारी पेट्या भरणारी सून, ओटीवर काजू सोलणारी सासू, दोघी 'कामात' असतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये कोकणात बेरोजगार शोधून सापडणार नाही.

आणि ज्याला काम नाही तो इथे राहतो कुठे? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली. देश वाढत असताना जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे बायका ११२२. मला विचाराल तर आमच्याकडचा बेरोजगारीचा सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच आहे, आणि तो बेरोजगारीच्या तक्त्यात नाही.

अर्थसंकल्पात तीन रकाने

भाषण ऐकू नका, तक्ता बघा. प्रत्येक योजनेपुढे गेल्या वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असतो. प्रत्यक्ष खर्च त्याच्याही आधीच्या वर्षाचा. बातमी येत्या वर्षाची होते. तुम्ही गेल्या वर्षाचे दोन रकाने शेजारी ठेवा. घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनला २०२४-२५मध्ये ७०,१६३ कोटी ठेवले होते, सुधारित अंदाज निघाला २२,६९४ कोटी. पुढच्या वर्षी पुन्हा ६७,००० कोटी जाहीर. पावसाळ्यात घर गळेपर्यंत पाऊस आणि मेमध्ये टँकर, अशा वाडीत राहणाऱ्याला यातला मधला रकाना समजावून सांगावा लागत नाही.

रेपो दराचं, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याचं, थोडक्यात. फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला तो ६.५ टक्के होता, डिसेंबरपर्यंत चार वेळा उतरून ५.२५ झाला. ज्याच्या मुलाचं डोंबिवलीला गृहकर्ज आहे त्याचा हप्ता कमी, ज्याची ठेव इथल्या बँकेत आहे त्याचं व्याज कमी. कोकणातल्या निम्म्या घरांत हे दोघं बाप-लेक असतात.

शेवटचं, प्रकल्पांच्या घोषणा. गुंतवणुकीचे कोटी आणि नोकऱ्यांचे लाख हे डाव्या पानावर कधीही लिहू नका. ते आकडे नव्हेत, इरादे आहेत. त्यांची जागा उजवीकडे. आमच्याच तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प १९९५च्या निवडणुकीचा मुद्दा झाला, त्याच वर्षी करार रद्द झाला, नंतर नव्याने झाला आणि २००१ला वीज बंद. नाणारची ३ लाख कोटींची रिफायनरी मार्च २०१९च्या सुरुवातीला रद्द झाली, लोकसभेची तारीख लागायच्या थोडे दिवस आधी. गुंतवणूक मोजायची तर वीजजोडणी, भरलेली पदं आणि ग्रामपंचायतीला मिळालेली घरपट्टी मोजा.

पुतण्याने दिवाळीनंतर स्वतःची वही सुरू केली. परवा त्याचा फोन आला: "काका, गेल्या वर्षी मेअखेर आंब्याचा कॅनिंगचा दर किती होता?" वही काढली. सिलिंडर होता, सुरय तांदूळ होता, रक्तदाबाची गोळीसुद्धा होती. ज्या दराने माझ्या स्वतःच्या आंब्याचे पैसे झाले तेवढा लिहायचा राहिला होता. आता यादी अकराची करावी की नियम पाळावा, यावर घरात चर्चा चालू आहे.